धुऱ्यावरचा पोकळ मोह आणि धोक्याचा शेरा

जुने झाड आतून पोकळ झाले म्हणजे ते मेले, आणि मेलेले झाड पाडलेच पाहिजे, हा समज धान पिकवणाऱ्या पूर्व विदर्भात इतका रुजलेला आहे की तो तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. ज्यांचा डोळा झाडाच्या लाकडावर असतो, त्यांना तर तो फारच सोयीचा पडतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांच्या टापूत वसलेल्या बपेऱ्याच्या शिवारात याच समजापायी धुऱ्यावरचा एक मोठा मोह गेला आणि त्याच्या ढोलीत राहणारी वटवाघळे पिलांसह गेली. धुरा म्हणजे दोन शेतांमधली सामाईक सीमा, आणि या धुऱ्याच्या एका बाजूची बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाची आहे. झाड तोडण्यापूर्वी काय सांगितले गेले, त्यातले काय कानाआड केले गेले आणि पुढे काय खरे ठरले, याची नोंद ठेवणे आणि अशाच पेचात सापडणाऱ्या इतरांना काही नेमके उपाय सुचवणे, या दोन्ही हेतूंनी हा लेख लिहिला आहे.

खोडाच्या मध्यभागी असलेले लाकूड, ज्याला वनस्पतिशास्त्रात मध्यकाष्ठ म्हणतात, ते झाड जिवंत असतानाही मृत पेशींचेच असते. मुळांकडून पाणी वर नेण्याचे काम त्याच्या बाहेरचे रसकाष्ठ करते आणि पानांत तयार झालेले अन्न खाली पोचवण्याचे काम सालीच्या आतला थर करतो; त्यामुळे मध्यकाष्ठ बुरशीने कुजून गेले तरी बाहेरचे कवच शाबूत असेपर्यंत झाड पालवते, फुलते आणि दर वर्षी नवे लाकूड चढवते. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून पाहिल्यानंतर १९७० च्या दशकात असे दाखवून दिले की झाडाची जखम प्राण्याच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही, तर झाड कुजलेल्या भागाभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारून तो भाग कोंडून टाकते, आणि जखमेनंतर वाढलेले लाकूड शक्य तितके निरोगी राखते. ढोली ही अशा कोंडलेल्या कुजीची जागा असते. ती मोठी दिसली म्हणजे झाड शेवटच्या घटका मोजत आहे, हा निष्कर्ष डोळ्यांना पटतो, पण शास्त्राला धरून नाही.

या भागात मोहाला ढोली पडण्याची कारणे बहुतांशी माणसाने निर्माण केलेली आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. ही आग दर वर्षी बुंध्याच्या एकाच बाजूची साल भाजते, भाजलेल्या सालीखालचे लाकूड उघडे पडते, तेथे बुरशी आणि उधई शिरते, आणि काही वर्षांत बुंध्याशी पोकळी तयार होते. धुऱ्याला अगदी भिडवून ट्रॅक्टरने नांगरल्याने मुळे तुटतात, सरपणासाठी फांद्या अर्ध्यावर तोडल्याने त्यांचे थोटूक कुजत खोडात उतरते, आणि कुंपणाची काटेरी तार खिळ्यांनी थेट खोडाला ठोकली जाते. ज्या हातांनी हे केले, तेच हात पुढे झाड कुजले असे सांगत कुऱ्हाड मागतात, आणि या विसंगतीकडे लक्ष वेधले तर राग मानतात.

ढोलीचा उपयोग कोणाला, हा प्रश्न बपेऱ्यात जाहीरपणे विचारला गेला होता, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे योग्य ठरेल. वटवाघळांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. फळे आणि मधुरस खाणारी मोठी वटवाघळे वड, पिंपळ, चिंच, अर्जुन अशा उंच झाडांच्या उघड्या फांद्यांवर लटकतात आणि ढोलीत सहसा जात नाहीत. यांतील सर्वांत मोठ्या जातीच्या पंखांचा विस्तार सव्वा ते दीड मीटर भरतो. कीटक खाणारी लहान वटवाघळे मात्र सालीच्या भेगा, विहिरींचे कठडे, पडक्या भिंती आणि झाडांच्या ढोल्या यांत दिवस काढतात. मोहाचे झाड या दोन्ही गटांशी बांधलेले आहे, कारण त्याच्या रात्री उमलणाऱ्या फुलांच्या गोड, मांसल पाकळ्या खाताना फळभक्षी वटवाघळांच्या अंगाला पराग लागतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडापर्यंत पोचतात. मोहफुले वेचून वर्षाचा मीठमिरचीचा खर्च भागवणाऱ्या घरांना ही गोष्ट शास्त्राच्या भाषेत ठाऊक नसली, तरी तिचा लाभ पिढ्यान् पिढ्या मिळत आला आहे.

कीटकभक्षी वटवाघळांचा संबंध तर थेट धानाशी येतो. या जिल्ह्यातला शेतकरी तुडतुडे आणि खोडकिडा या दोन किडींनी दर हंगामात हैराण होतो आणि फवारणीवर पैसा घालतो. थायलंडमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असा अंदाज मांडला की तेथील वटवाघळांची एकच जात पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खाऊन दर वर्षी सुमारे २६,००० माणसांना पुरेल इतका भात वाचवते. स्पेनमधील एब्रो नदीच्या भातशेतीत वटवाघळांसाठी पेट्या बसवल्यानंतर खोडकिड्याच्या पतंगांचा उपद्रव घटल्याचे २०१५ च्या अभ्यासात दिसून आले. बपेऱ्यातील वटवाघळे नेमके किती तुडतुडे खातात, याचा हिशेब या आकडेवारीवरून काढता येणार नाही. तथापि धानाच्या बांध्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या ढोलीची किंमत लाकडाच्या भावाने करू नये, एवढे तरी त्या आकड्यांवरून ठरते.

ज्या मोहाविषयी हा लेख आहे, तो पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारा बैलबंडीचा रस्ता, जेथे धुऱ्याला भिडते त्या कोपऱ्यावर उभा होता. त्याची एक फांदी पूर्ण वाळलेली होती आणि ती पांदणीवर झुकलेली होती. दुसरी फांदी, जी खोडाइतकीच जाड आणि हिरवीगार होती, ती लेखकाच्या कुटुंबाच्या बांधीवर पसरलेली होती. पुरुषभर उंचीवर ढोलीचे तोंड होते, त्याच्या खालच्या कडेवर वटवाघळांच्या येण्याजाण्याने पडलेला तेलकट काळपट डाग होता, आणि सायंकाळी दिवेलागणीला तेथून अंगठ्याएवढ्या देहाची वटवाघळे एकामागून एक बाहेर पडत. शेजारच्या शेताच्या धारकाने झाड धोकादायक झाल्याची तक्रार केली तेव्हा लेखकाने ती तक्रार फेटाळली नव्हती. वाळलेली फांदी पांदणीवर पडून कोणाला इजा होऊ शकते हे मान्य करून, ती फांदी काढावी, हिरव्या फांदीची लांबी तिच्या एखाद्या पोटफांदीपर्यंत कमी करावी, खोड आणि ढोली तशीच ठेवावी, आणि हे काम धानाची कापणी झाल्यावर दिवाळीनंतर करावे, असा प्रस्ताव त्याने मांडला होता आणि त्याचा खर्च उचलण्याची तयारीही दाखवली होती. त्यावर होकार मिळाला. तो होकार तोंडी होता, आणि चार माणसांसमोर दिलेला होता.

प्रत्यक्षात तोडणारा ठेकेदार आला तो फाल्गुनाच्या अखेरीस, मोह फुलावर असताना, आणि आगाऊ काहीही न कळवता. लेखक शेतावर पोचला तेव्हा यंत्रकरवत चालू झालेली होती. करवत सर्वांत आधी कोठे चालवली गेली होती, हे पाहताच सगळा प्रकार लख्ख कळला: पांदणीवरची वाळलेली फांदी, जिच्यासाठी हे सारे घडत असल्याचे सांगितले जात होते, ती जागच्या जागी होती, आणि बांधीवरची हिरवी, निरोगी, वजनदार फांदी तुकडे होऊन ट्रॉलीत चढत होती. ज्याला रस्त्यावरचा धोका दूर करायचा आहे, तो माणूस रस्त्यावरच्या फांदीपासून सुरुवात करतो. ज्याला लाकूड न्यायचे आहे, तो जेथे लाकूड आहे तेथून सुरुवात करतो. धोक्याचा मुद्दा आरंभापासून कोणाच्याच मनात नव्हता, ही गोष्ट त्या क्षणी जितकी स्वच्छ दिसली तितकी ती आधीच्या सर्व बोलण्यांत दिसली नव्हती, कारण आधीच्या बोलण्यांत लहान मुलांचे नाव घेतले गेले होते, म्हाताऱ्यांचे नाव घेतले गेले होते, आणि अशा नावांपुढे कोणताही सभ्य माणूस हरकत घेताना दहा वेळा विचार करतो.

काम थांबवावे, निदान ढोलीचा भाग तरी अंधार पडेपर्यंत राखावा, अशी विनंती करण्यात आली. ठेकेदाराने खिशातला घडी घातलेला कागद दुरून दाखवला आणि परवानगी असल्याचे सांगितले. कागद हातात मागितल्यावर तो पुन्हा खिशात गेला. शेजारच्या धारकाने वटवाघळे अपशकुनी असतात, घरात मरण आणतात, आणि करोना त्यांच्यामुळेच आला, असे जमलेल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. त्यानंतर खोड ढोलीच्या मधून कापले गेले. ढोली चिरली तेव्हा काही वटवाघळे भर उन्हात उडाली आणि त्यांतली काही कावळ्यांच्या तोंडी गेली. ज्या माद्यांच्या छातीला पिले बिलगलेली होती त्या उडू शकल्या नाहीत. हे दृश्य पाहणाऱ्यांपैकी काही जण हसले, आणि त्या हसण्याचा विसर पडावा अशी कोणतीही गोष्ट त्यानंतर घडलेली नाही.

पुढील दोन बाबी मुद्दाम नोंदवण्यासारख्या आहेत. बुंध्याचा काप उघडा पडल्यावर लेखकाने तो टेपने मोजला, तेव्हा पोकळीभोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या जवळजवळ निम्मी भरली. आणि जी वाळलेली फांदी माणसांच्या जिवाला धोका म्हणून दाखवली गेली होती, ती खोडाबरोबर पांदणीत आडवी पडली आणि कुजकी असल्याने तिला भाव नव्हता म्हणून कोणीही उचलली नाही. पुढे कितीतरी आठवडे बंड्या तिला वळसा घालून बांधीतून जात होत्या. अखेर लेखकाच्याच घरच्या माणसांनी ती हलवली.

जाडीचे हे माप कशासाठी घ्यायचे, ते सांगणे आवश्यक आहे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माटहेक यांनी अनेक पडलेल्या आणि उभ्या झाडांच्या निरीक्षणावरून असा ठोकताळा मांडला की निरोगी कवचाची जाडी त्रिज्येच्या सुमारे तीन दशांशाहून कमी झाली की खोड मोडण्याची शक्यता लक्षणीय वाढते. म्हणजे खोडाची त्रिज्या ५० सेंटिमीटर असेल तर चहूबाजूंनी १५ सेंटिमीटर निरोगी लाकूड असणे हे साधारण समाधानकारक समजायचे. या ठोकताळ्यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे, कारण ढोलीचे तोंड मोठे असेल तर कवच त्याहून आधी दगा देऊ शकते आणि झाड बुटके असेल तर त्याहून पातळ कवचही तग धरते, म्हणून त्याला अंतिम निवाडा मानू नये. खेड्यात ध्वनिलहरींनी खोड तपासणारी यंत्रे मिळत नाहीत; तथापि लाकडी हातोड्याने खोडाभोवती ठोकत गेल्यास भरीव आणि पोकळ भागांच्या आवाजातला फरक कोणत्याही सुताराला ओळखता येतो, आणि ढोलीच्या तोंडातून बारीक सळई आत घालून कवचाची जाडी अंदाजता येते, मात्र आत वटवाघळे नाहीत याची खात्री झाल्यावरच. बुंध्याशी उगवलेल्या कठीण, फळीसारख्या बाहेर आलेल्या अळंब्या, मुळांजवळची माती उचलली जाणे आणि खोडाला नव्याने आलेला झुकाव ही लक्षणे ढोलीपेक्षा कितीतरी अधिक गंभीर असतात, आणि लोक नेमकी हीच लक्षणे पाहत नाहीत.

धोका हा झाडाचा स्वतःचा गुण नाही, हे सर्वांत आधी मनात पक्के करावे. झाडाचा कोणता भाग मोडू शकतो, तो मोडला तर खाली काय आहे, आणि तेथे माणूस किती वेळ असतो, या तीन गोष्टींच्या गुणाकारातून धोका ठरतो. शाळेच्या अंगणावरची वाळलेली फांदी आणि बांधीच्या मधोमध असलेली तशीच फांदी यांना एकच नियम लावता येत नाही. बहुतेक वेळा खालची गोष्ट हलवणे वरची कापण्यापेक्षा स्वस्त पडते: बैल बांधण्याची जागा बदलावी, खळे दुसरीकडे घ्यावे, पांदण हातभर सरकवावी. झाडाखालून माणसे जाणे टाळता येतच नसेल तर फांद्यांची लांबी कमी करावी, कारण वाऱ्याचा जोर आणि तरफेचा ताण हे दोन्ही लांबीबरोबर वाढतात आणि टोकाकडची थोडी छाटणीही बुंध्यावरचा भार बराच हलका करते. छाटणी नेहमी एखाद्या जिवंत पोटफांदीच्या बेचक्यापर्यंत करावी, फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर कंगोरा कापू नये, आणि एकाच वर्षी सगळा माथा उतरवू नये, कारण पाने गेली की झाडाचे अन्न जाते. झाड खरोखरच मेलेले असेल तरी ते जमिनीलगत कापण्याची सक्ती कोठेही नाही. सर्व फांद्या काढून खोडाचा दोन-तीन पुरुष उंचीचा खांब ढोलीसह उभा ठेवता येतो, आणि असा खांब कित्येक वर्षे वटवाघळे, घुबडे, पिंगळे आणि पोपट यांना पुरतो. ढोली सिमेंटने बुजवण्याचा जुना उपाय करू नये, कारण त्यामागे पाणी साचते, कूज वाढते आणि आतले प्राणी जिवंत गाडले जातात.

वटवाघळे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी महागडे साधन लागत नाही. सूर्यास्तापासून तासभर झाडाच्या पूर्वेला, ढोलीचे तोंड मावळतीच्या उजेडावर दिसेल असे बसावे आणि बाहेर पडणारी वटवाघळे मोजावीत. ढग, पाऊस किंवा थंडी असेल तर ते पुन्हा करावे. ढोलीखाली उंदराच्या लेंडीसारखी, पण बोटांनी चुरगळली असता कीटकांच्या पंखांचा भुगा होणारी विष्ठा पडलेली असते. ती हात उघडे ठेवून चिवडू नये, आणि ढोलीत डोकावताना नाकातोंडावर कापड बांधावे, कारण साचलेल्या विष्ठेतील बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. वटवाघूळ चावले तर जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. धूर करणे, फटाके लावणे, ढोलीत पेटती चिंधी टाकणे हे प्रकार क्रूर असून निरुपयोगीही आहेत.

काम कोणत्या महिन्यात करावे, या प्रश्नाचे सोपे उत्तर विचारले जाते आणि ते देता येत नाही. मोठ्या फळभक्षी वटवाघळांची पिले साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात आणि मादीला वर्षाला एकच पिलू होते, म्हणून त्यांच्या झाडाला उन्हाळ्यात हात लावणे म्हणजे पूर्ण वर्षाची वीण बुडवणे होय. शिवाय भंडाऱ्यासारख्या ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या प्रदेशात सावलीची फांदी गेली तर उष्म्याने वटवाघळे मरून पडतात. ढोलीतल्या लहान जातींचे वेळापत्रक याहून गुंतागुंतीचे आहे. नागपूरच्या विज्ञान संस्थेतील प्राणिशास्त्रज्ञ ए. गोपालकृष्ण यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे दाखवले की नागपूर परिसरात आढळणाऱ्या लांब हातांच्या पिशवीपंखी वटवाघळाची वीण वर्षभर चालू असते. त्यामुळे जड, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाची कापणी आटोपल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा, इतकेच म्हणता येते: त्या वेळी बांधीत बंडी नेता येते, पावसाळी वादळे संपलेली असतात आणि मोह अजून फुलावर आलेला नसतो. परंतु त्या काळातही कामाच्या आदल्या सायंकाळी ढोली पाहणे चुकवू नये. ढोलीचा तुकडा काढावाच लागला, तर करवत पोकळीच्या बऱ्याच वर आणि बऱ्याच खाली चालवावी, तुकडा दोरीने सावकाश उतरवावा, तोंड मोकळे राहील असा रात्रभर तेथेच ठेवावा आणि शक्य असल्यास शेजारच्या झाडाला उभा बांधावा. लाकडी पेट्या टांगून ढोलीची भरपाई होते असे सांगणाऱ्यांवर विसंबू नये. पातळ फळीची पेटी येथील उन्हात भट्टीसारखी तापते, आणि फळभक्षी वटवाघळे पेटीत राहतच नाहीत.

कायद्याचा आधार किती मिळतो, याविषयी गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत मोह, आंबा, चिंच, जांभूळ, साग अशी झाडे असल्याने ती स्वतःच्या शेतातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना तोडता येत नाहीत. परंतु झाड मृत, रोगट किंवा जीवितवित्तास धोकादायक असल्याचे कागदावर आले की परवानगीचा मार्ग मोकळा होतो, आणि ढोली दाखवून ते कागदावर आणणे फार सोपे असते. शहरांसाठी असलेल्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला, पण तो कायदा नागरी क्षेत्रापुरता असल्याने शतकभर जगलेला धुऱ्यावरचा मोह त्याच्या बाहेर राहतो. हरियाणा सरकार ७५ वर्षांवरील झाडांच्या धारकांना वार्षिक निवृत्तिवेतन देते; २०२३ मध्ये ते २,७५० रुपये होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला जुने झाड राखल्याबद्दल तशी रक्कम मिळत नाही आणि तोडल्यास मात्र रोख मिळते, हे दुखणे मुळातले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये फळभक्षी वटवाघळे दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ती अनुसूचीच रद्द झाली आणि मोठे फळभक्षी वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत आले. ब्रिटनमध्ये वटवाघळे त्या वेळी आत नसली तरी त्यांची वसतिजागा नष्ट करणे हा गुन्हा ठरतो. आपल्याकडे अनुसूचीतल्या प्राण्याला मारणे गुन्हा आहे, पण खाजगी शेतातल्या रिकाम्या ढोलीला तसे स्पष्ट कवच नाही, म्हणून ठेकेदाराला आपण वटवाघळांना हात लावला नाही, झाड तेवढे कापले, असे म्हणता येते.

झाड तोडीपासून वाचवणे आणि ते सांभाळणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील भोसे येथे मिळते. तेथील सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात जाणार होता. २०२० च्या जुलैमध्ये लोकांनी आवाज उठवला, राज्य सरकारने केंद्राला लिहिले आणि महामार्गाचा मार्ग वळवून वड राखला गेला, ही निश्चितच मोठी गोष्ट झाली. तो वड २०२२ मध्ये कोसळला. एवढ्या जुन्या झाडाला दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणे, पारंब्यांना आधार देणे, विस्ताराचा भार बेताने उतरवणे आणि मुळांचा परिसर न दाबता मोकळा ठेवणे या गोष्टी आंदोलनाइतक्याच तळमळीने कराव्या लागतात, आणि त्या करण्यासाठी छायाचित्रकार येत नाहीत.

ज्यांच्या धुऱ्यावर असे झाड उभे आहे, त्यांनी वाद निर्माण होण्यापूर्वीच काही कागद तयार ठेवावेत. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. ती नोंद छायाचित्रासह करावी, म्हणजे झाड कोणत्या गटात आहे याविषयी नंतर तोंड वाजवण्याची वेळ येत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, तीत झाडाचा आणि वटवाघळांच्या वस्तीचा उल्लेख घालून घ्यावा, आणि त्या पानाची प्रत जवळ ठेवावी. शेजारी धारकाशी काही ठरले तर कोणती फांदी, कोठपर्यंत, कोणत्या महिन्यात, कोणाच्या देखरेखीखाली आणि लाकूड कोणाचे, या पाच गोष्टी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. यांतली पाचवी सर्वांत महत्त्वाची आहे: तोडणाऱ्याला मोबदला म्हणून लाकूड द्यायचे नाही, त्याला मजुरी रोख द्यायची, असे ठरले की झाड धोकादायक वाटण्याचे प्रमाण आपोआप घटते. परवानगीचा कागद दाखवला गेला तर तो हातात घेऊन वाचावा, त्यात संपूर्ण झाड आहे की फांद्या आहेत हे पाहावे, आणि दुरून दाखवलेला कागद नाही असे समजून लगेच वनरक्षक आणि तलाठी या दोघांनाही कळवावे. गावातील म्हाताऱ्या माणसांना आधीपासून सोबत घ्यावे, कारण बिहारमधील वैशाली जिल्ह्याच्या सरसई गावात लोक वटवाघळांना गावाचे राखणदार मानून पिढ्यान् पिढ्या जपत आले आहेत, तसा मान येथेही मुळातच परका नाही. भीती २०२० नंतर वाढलेली आहे. झाडावरच्या वटवाघळाने कोणाला आजार दिल्याचे एकही उदाहरण बपेऱ्यात कोणी दाखवलेले नाही, ही गोष्ट शांतपणे आणि पुनःपुन्हा सांगावी लागते. उष्टी फळे खाऊ नयेत आणि मेलेल्या वटवाघळाला हात लावू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

त्याच धुऱ्यावर आणखी एक मोह उभा आहे, पहिल्याहून लहान, पण बुंध्याशी आगीने भाजलेला आणि आता पोकळ होऊ लागलेला. त्याची नोंद ई-पीक पाहणीत झाली आहे, बुंध्याभोवतीचा पालापाचोळा फुलांच्या आधी झाडून दूर केला जातो जेणेकरून तेथे आग लावण्याचे निमित्त उरू नये, आणि त्याच्या एका वाळत चाललेल्या फांदीविषयीचा मजकूर शेजारच्या धारकाकडे लेखी पाठवलेला आहे. त्यावर अद्याप सही झालेली नाही, आणि सही होईपर्यंत त्या फांदीखालून बंडी जाऊ नये म्हणून पांदणीच्या त्या कडेला लेखकाच्या कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने काटेरी झाप टाकली आहे.